इंग्रजीच्या वर्गात काय विचारावं, काय दुरुस्त करावं?

प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या वर्गात सहा-सात देशांतून आलेले प्रौढ आहेत, त्यांत काही निर्वासित. 'माझं कुटुंब' हा धडा आला की दोघं-तिघं एकदम गप्प होतात. धडा गाळू का?

उत्तर : गाळू नका. भाऊ, सासू, विधवा, दत्तक हे शब्द त्यांना दवाखान्यात आणि सरकारी अर्जांत लागणारच आहेत. गोची शब्दांत नाही, 'तुमच्याबद्दल सांगा' या सूचनेत आहे. मद्य, धर्म, राजकारण हे विषय पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक वेचून बाहेर काढतात. कुटुंब, घर, बालपण, सुट्टी मात्र निरुपद्रवी समजून आत राहतात. निर्वासितांच्या वर्गात नेमके हेच धडे अवघड जातात.

पहिल्याच आठवड्यात एक वाक्य पाठ करून घ्या : 'आय्ड रादर नॉट से', म्हणजे 'मला सांगायचं नाही.' फळ्यावर लिहा आणि जोडीजोडीनं सराव घ्या. सुरुवात 'आवडता रंग कोणता?' अशा बिनमहत्त्वाच्या प्रश्नापासून करा. तिथे 'सांगायचं नाही' म्हणायला जीभ सरावली, तर अवघड प्रश्नाला ती अडखळणार नाही. धड्यासाठी तीन पिढ्यांच्या काल्पनिक कुटुंबाचं चित्र द्या, वीसेक मिनिटं त्यावरच बोला. मग 'खरं किंवा बनवलेलं, कसंही, पाच वाक्यं लिहा' असं सांगा. कोणी काय निवडलं हे विचारायचं नाही; वही तपासताना व्याकरण पाहायचं. साध्या भूतकाळासाठीही 'लहानपणी कुठे राहायचात?'ची गरज नसते. 'आज सकाळपासून काय काय केलं?' एवढ्यात वेन्ट, एट, टुक, बॉट अशी नेहमीची अनियमित रूपं येऊन जातात.

तरीही कोणी आपणहून सांगू लागलं, तर ऐका. मध्येच क्रियापदाचं रूप सुधारू नका. ती चूक उद्या, दुसऱ्या वाक्यातून घेता येते. तास संपल्यावर समुपदेशनाची सोय कुठे आहे, ते बाजूला घेऊन सांगा. समुपदेशक मात्र स्वतः होऊ नका.

प्रश्न : एक विद्यार्थिनी म्हणते, 'माझी इंग्रजी उच्चारांतली परकी ढब घालवा, कामावर हसतात.' हे शिकवणं म्हणजे तिच्या ओळखीवर घाला नाही का?

उत्तर : ओळखीचा निर्णय तिचा आहे, तुमचा नाही. पण निर्णय घेण्यापूर्वी तिला पूर्ण माहिती मिळायला हवी. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांच्या १९९५च्या संशोधनात दिसलं की ठळक परकी ढब असलेलं बोलणंही ऐकणाऱ्याला नीट कळू शकतं. म्हणजे ढब आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोप परिषदेच्या भाषा-आराखड्याच्या २०२०च्या पूरक खंडानंही 'मूळ भाषकासारखं' हा निकष वर्णनांतून काढून टाकला.

आधी तिचं दोन मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. ते अशा माणसाला ऐकवा, जो तिच्या भाषेचा नाही आणि तिला ओळखतही नाही. तुमचा कान तिला सरावलेला आहे, म्हणून तुमचा अंदाज इथे चालत नाही. ऐकू येईल तसं त्याला लिहायला सांगा. जिथे जागा रिकामी राहील, तिथे काम करा. बहुतेकदा सापडतात त्या याच गोष्टी : शेवटचं व्यंजन गळणं (व्हिएतनामी भाषकांचे 'राइस', 'राइट', 'राइड' जवळपास एकच ऐकू येतात), 'शिप' आणि 'शीप'मधली स्वराची लांबी, आणि आघात (शब्दातल्या कोणत्या भागावर जोर द्यायचा ते). 'थर्टीन' आणि 'थर्टी'मधला घोळ आघात बदलला की बराचसा मिटतो. अरबी भाषकांना 'प' आणि 'ब' वेगळे करायला वेळ द्यावा लागतो. उलट 'थिंक'चं 'टिंक' झालं, तरी बहुधा कोणाचं काही अडत नाही. अनेक शिक्षक मात्र महिना त्यावरच घालवतात.

एवढं करून तिला ढबही बदलायची असेल, तर शिकवा. मोठ्या वयात ती पूर्ण जाणं दुर्मीळ आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून. कामावर हसणाऱ्यांचा प्रश्न उच्चाराच्या तासानं सुटेल, असं आश्वासन देऊ नका.

प्रश्न : एक गृहस्थ स्त्री सहाध्यायीसोबत जोडीनं काम करायला तयार नाहीत. सक्ती करू?

उत्तर : त्या तासाला नको. तिघा-चौघांचे गट करा, त्यात दोघींना एकत्र ठेवा. मात्र 'बायकांना वेगळं बसवा' अशी मागणी आली, तर नकार द्या. एकाच्या सोयीसाठी दुसरीची संधी कमी करता येत नाही. हस्तांदोलन किंवा नजरेला नजर हे मुलाखतीच्या तयारीत आलं, तर समोरचा काय अपेक्षा धरेल ते शिकवा. तसं करायलाच हवं, असं नव्हे. हात छातीवर ठेवून अभिवादन करतानाचं वाक्यही शिकवून ठेवा, ते जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न : ए-टू पातळीवरचे (युरोपीय मोजपट्टीवर प्राथमिक) लोक 'तीन महिन्यांत बी-टू'च्या (दोन पायऱ्या वरच्या पातळीच्या) जाहिरातीला भुलून येतात. संस्थेला प्रवेश हवे आहेत. मी काय बोलू?

उत्तर : आकडे बोला. केंब्रिज या परीक्षासंस्थेच्या अंदाजानं शून्यापासून ए-टूला १८० ते २०० तास लागतात, बी-टूला ५०० ते ६००. हे मार्गदर्शनाखालचे तास आहेत. घरचा अभ्यास वेगळा. म्हणजे फरक निदान ३०० तासांचा. आठवड्याला ६ तास धरले, तर ५० आठवडे, तेही गैरहजेरी न होता. ज्यांनी पहिल्या भाषेतही फारसं लिहिलं-वाचलेलं नाही, त्यांना आणखी लागतात.

हा हिशेब पातळी-चाचणीच्या कागदावरच छापून घ्या, म्हणजे तो तुमच्या तोंडून 'निराश करणारा' वाटणार नाही. संस्थेनं छापायला नकार दिला, तर विद्यार्थ्याला फी भरण्याआधी तोंडी सांगा. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल साधारण २ वर्षं ग्राह्य धरतात, हेही सांगा. घाईनं दिलेल्या परीक्षेचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. पाठ केलेले निबंध घेऊन येणाऱ्यांना सांगा, की पाठ केलेलं उत्तर परीक्षकांच्या नजरेला येतं आणि गुण कापले जातात. पाठांतर हा त्यांच्या आधीच्या शाळेत गुणच मानला गेला असेल, तेव्हा इथे चोरीचा शिक्का मारू नका. कुणाचं वाक्य कसं उद्धृत करायचं, ते कामासारखं शिकवा : एक परिच्छेद, त्यातलं एक वाक्य अवतरणात, उरलेलं स्वतःच्या शब्दांत.