ट्रेनरकडे पहिल्यांदा जाताना

ट्रेनर निवडताना त्याच्या दंडांकडे पाहू नका, पहिल्या भेटीत तो काय विचारतो ते पाहा. जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, रक्तदाब, चालू गोळ्या, झोप यांतलं काहीच न विचारता जो थेट वजनं हातात देतो, त्याच्याकडे पैसे भरू नका. आणि त्याने विचारलं नाही तरी तुम्ही सांगाच. बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयाच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या) गोळ्यांमुळे नाडीचा वेग कमी राहतो, मग मनगटावरच्या घड्याळातले ठोके पाहून मेहनतीचा अंदाज चुकतो.

सुरुवातीला वजन हलकंच हवं. बैठका, ढकलणं, ओढणं, कमरेतून वाकून उचलणं, एवढं अंगवळणी पडलं की पुढचं सोपं जातं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. आरशात फरक दिसायला वेळ लागतो, तेव्हा खट्टू होऊ नका.

दुखण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. व्यायामानंतर 24 ते 72 तासांत स्नायू सर्वांत जास्त ठणकतात, ते आपोआप ओसरतं. सांध्यात कळ आली तर तिथेच थांबा, कोणी ‘अजून दोनच’ म्हणालं तरी. लघवी गडद तपकिरी झाली तर लगेच डॉक्टरांकडे जा. स्नायूंना गंभीर इजा झाल्याचं ते लक्षण असू शकतं.

दर वेळी उचललेलं वजन आणि रेप्स, म्हणजे ती हालचाल किती वेळा केली, हे ट्रेनरला वहीत लिहून ठेवायला लावा. आहाराचं जुजबी त्याला विचारा, पण मधुमेह असेल तर आहारतज्ज्ञच गाठा.