आल्प्समध्ये एकाच हॉटेलात राहून रोज चालायला जायचंय, आईबाबा सोबत आहेत. कुठे राहावं?

स्वित्झर्लंडमधलं झरमॅट. महाग आहे, पण आईबाबा सोबत असतील तर मी हेच सांगेन. गाव साधारण १,६०० मीटरवर, आणि गोर्नरग्राट या डोंगरधारेवर जाणारी रेल्वे थेट ३,०८९ मीटरपर्यंत नेते, म्हणजे चढाचा प्रश्नच मिटला. येताना रोटेनबोडेन स्टेशनला उतरा. थोडं खाली रिफेलझे तळं आहे; सकाळी वारा पडलेला असेल तर मॅटरहॉर्नचा सुळका पाण्यात उलटा दिसतो. तिथून रिफेलबर्ग स्टेशनपर्यंत रमतगमत उतरायचं. गुडघे कुरकुरले तर तिथे पुन्हा गाडी आहेच.

चालायच्या वाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नाही, वेळ लिहिलेला असतो, तोही न थांबता चालणाऱ्याचा! आपण दीडपट धरावा. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वाट म्हणजे डोंगरवाट. तिथे चांगले बूट हवेतच. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो, त्यामुळे नाश्ता झाला की निघा.