पापड-मसाल्याच्या छोट्या युनिटसाठी 'पीएमएफएमई'चं अनुदान हातात मिळतं का?

हातात रोख मिळत नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना (पीएमएफएमई, 2020 पासूनची) कर्जाशी जोडलेली आहे: पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये. पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र), ड्रायर, पॅकिंग मशीन मिळून 10 लाखांचा प्रकल्प असेल, तर किमान 1 लाख तुमचे, 9 लाख बँकेचं कर्ज आणि अनुदान साडेतीन लाख. ही रक्कम बँकेत तुमच्या नावाच्या वेगळ्या खात्यात पडून राहते. बँकेकडून कर्जाच्या रकमेचा शेवटचा हप्ता हातात आल्यापासून तीन वर्षांनी, युनिट चालू आणि कर्जखातं नियमित असेल तरच ती कर्जात वळती होते. मध्येच खातं थकीत गेलं तर घोळ होतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे: मशीन आधी रोखीने घेतात आणि मग अर्ज करतात. कर्जच नाही, तर अनुदान कशावर देणार? आधी जीएसटीसह कोटेशन घ्या, प्रकल्प अहवाल करा, योजनेच्या पोर्टलवर अर्ज भरा, मंजुरीनंतरच खरेदी. जागेची किंमत धरत नाहीत. शेडचं बांधकाम पात्र खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंतच. खेळत्या भांडवलावर अनुदान नाही.

अहवाल आणि अर्जासाठी तालुका किंवा जिल्हा कृषी कार्यालयात 'जिल्हा संसाधन व्यक्ती' कोण ते विचारा. त्यांचं मानधन सरकार देतं, त्यामुळे 'फाईल करून देतो' म्हणत टक्केवारी मागणाऱ्या एजंटाला सरळ वाटेला लावा. आणि सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचा गुणांक) अर्जाआधीच तपासा, बऱ्याच फायली बँकेत तिथेच अडतात.