टँकर आला की आधी क्लोरीन बघ

सकाळी डायलिसिसला पहिला पेशंट लावण्याआधी पाणी शुद्ध करणारा प्लांट पंधरा मिनिटं चालू दे, मगच नमुना घे. रात्रभर साचलेलं पाणी खोटं बोलतं. नमुना क्लोरीन काढणाऱ्या पहिल्या कार्बन टाकीनंतरच्या नळाचा. एकूण क्लोरीन तपास, नुसतं मुक्त नाही; क्लोरामाइन, म्हणजे अमोनियाशी जोडलेलं क्लोरीन, एकूणमध्येच सापडतं. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. त्यापेक्षा जास्त आलं की दुसऱ्या टाकीनंतरचं बघ. तिथंही जास्त असेल तर डायलिसिस थांबव आणि डॉक्टरांना उठव. ओरडले तर ओरडू देत. क्लोरामाइन आरओच्या पडद्यातून निसटतं आणि तांबड्या पेशी फोडतं. चार तासांत एका पेशंटच्या रक्ताशेजारून साधारण १२० लिटर पाणी जातं रे!

पुण्यात उन्हाळ्यात टँकर येतात; कुणी किती क्लोरीन ओतलंय, देव जाणे. नवा असताना मी एकदा घाईत कालचाच आकडा वहीत उतरवला होता. सिस्टरांनी काही न बोलता टेस्टची बाटली हातात दिली. पाणी बघता बघता गुलाबी झालं, म्हणजे क्लोरीन होतं.

बोअरचं पाणी असेल तर हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणाही बघ. तो जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमधलं मीठ नेमकं तेव्हाच संपलेलं असतं.