दौऱ्यावरून फोन केला की बोलायला काही सुचत नाही, म्हणजे ओढ संपली का?

"दौऱ्यावर असताना घरी फोन लावतो आणि दोन मिनिटांत बोलणं संपतं. पुढे काय बोलायचं तेच सुचत नाही. मला यांची ओढच राहिली नाही की काय, अशी भीती वाटते."

एका गिटारवादकाने पहिल्या भेटीत मला हे सांगितलं. त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या परवानगीने हा अनुभव लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कार्यक्रमांसाठी महिनोन् महिने फिरतीवर असणारे वादक, ध्वनितंत्रज्ञ, नर्तक असे बरेच जण माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. हीच काळजी ते वेगवेगळ्या शब्दांत बोलून दाखवतात, आणि बोलताना बहुतेकांना अपराधी वाटत असतं.

हा गिटारवादक एका लोकप्रिय गायिकेला साथ करतो. घरी नोकरी करणारी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. मागच्या लांबलेल्या दौऱ्यात बायको फोनवर म्हणाली होती, "तुला खरंच बोलावंसं वाटेल तेव्हा कर फोन. उगाच करायचा म्हणून नको." हे वाक्य त्याच्या मनातून जात नव्हतं. त्याने स्वतःशी दोन निष्कर्ष काढून ठेवले होते: एकतर आपण कोरडे झालो आहोत, नाहीतर बायको दुरावली आहे. मी त्याला म्हटलं, दोन्ही निष्कर्ष जरा बाजूला ठेवूया, तुम्ही मला दौऱ्यातला एखादा साधा दिवस सांगा. त्याने थेट कार्यक्रमापासून सुरुवात केली. मी थांबवलं. "तिथून नको. जाग आल्यापासून सांगा."

मग दिवस उलगडला. रात्रभर बसचा प्रवास, पहाटे कुठल्यातरी हॉटेलात शिरायचं, जाड पडदे ओढून झोपायचं. दुपारी बाराच्या सुमाराला जाग येते. आपण कोणत्या शहरात आहोत हे आठवायला क्षणभर लागतो. मोबाइलवर टूर मॅनेजरने पाठवलेलं दिवसाचं वेळापत्रक असतं: गाडी किती वाजता निघणार, साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) कधी, जेवण कधी, प्रेक्षकांना आत कधी सोडणार, कार्यक्रम कधी सुरू, सामान कधी भरायचं. साउंडचेकला आधी ड्रम्स, मग बास, मग हा. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची, समोरून हात वर झाला की थांबायचं. त्यानंतर ग्रीन रूममध्ये तीन-चार तास नुसतं बसणं. बाहेर लांब जाता येत नाही, नीट झोप लागत नाही, रियाजातही मन लागत नाही. मग दोन तास हजारो माणसांसमोर वाजवायचं. पुढच्या अर्ध्या तासात वाद्यं पेटीत, माणसं बसमध्ये.

मी हे सगळं कागदावर तासवार लिहून काढलं आणि त्याला घरी फोन करायच्या वेळांभोवती गोल करायला सांगितले. दोनच वेळा निघाल्या. एक, कार्यक्रमाच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं. दुसरी, कार्यक्रम संपल्यावर रात्री साडेबाराच्या पुढे, "तेव्हाच मी मोकळा असतो" म्हणून. दिवसभरातल्या सगळ्यात अवघड दोन जागा त्याने मायेच्या माणसांसाठी राखून ठेवल्या होत्या.

मंचावर जायच्या आधी शरीर तयारीला लागलेलं असतं. हृदयाची गती वाढते, हात गार पडतात, मन पहिल्या गाण्यावर जाऊन बसलेलं असतं. अशा वेळी मुलगी शाळेतली गोष्ट सांगू लागली की "हं", "अच्छा", "छान" यापलीकडे माणूस देऊ शकत नाही. हा कोरडेपणा नव्हे. लक्ष एकाच वेळी दोन ठिकाणी नसतं, एवढंच.

कार्यक्रमानंतरच्या फोनची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली, कारण तिथे कानांचाही प्रश्न होता. कामाच्या जागी 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालू शकतो, असा एक प्रचलित निकष आहे. त्यावर दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. मोठ्या मंचावर हा आकडा सहज ओलांडला जातो. शिवाय प्रेक्षकांचा आवाज ऐकू यावा म्हणून इन-इअर मॉनिटर (मंचावर स्वतःचं वादन ऐकायला कानात घालायचं छोटं यंत्र) एकाच कानात ठेवायची सवय पुष्कळ वादकांना असते, तशी यालाही होती. एक कान उघडा राहिला की बाहेरचा गोंगाट आत येतो आणि माणूस दुसऱ्या कानातला आवाज नकळत वाढवत जातो. कार्यक्रमानंतर काही तास कानांत दडे बसल्यासारखं होतं, आत गुंजत राहतं, हळू आवाजातलं बोलणं नीट कळत नाही. इकडे बायको, मुलगी झोपलेली म्हणून, कुजबुजत बोलायची. तो म्हणायचा, "काय? मोठ्याने बोल ना." तिला वाटायचं, खेकसतोय. दोन मिनिटांत फोन बंद.

त्याला मी श्रवणतज्ज्ञाकडे पाठवलं. कानाच्या मापाचे मॉनिटर, दोन्ही कानांत, ही सवय लावायला त्याला बराच वेळ लागला, पण लागली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वादकाला मी कानांबद्दल विचारते. मनाच्या तक्रारीत शरीराचा वाटा केवढा असतो, हे या व्यवसायात फार वेळा दिसतं.

पुढच्या भेटीत बायकोही व्हिडिओ कॉलवर आली, आणि खरी गाठ तिथे सापडली. मी दोघांना एकच प्रश्न विचारला: मागच्या दौऱ्यात एकमेकांना न सांगितलेली एक गोष्ट सांगा. तो म्हणाला, एका रात्री लोकांनी शेवटचं गाणं स्वतःच पूर्ण गायलं, आम्ही वाजवायचं थांबलो तरी ते गात राहिले. घरी नाही सांगितलं. ती तिकडे सगळं एकटीने ओढते आहे, तिला कुठे माझा आनंद ऐकवायचा? बायको थोडी थांबली आणि म्हणाली, त्या आठवड्यात मुलीला तीन दिवस ताप होता. तू मंचावर काळजी घेऊन चढू नयेस म्हणून बोलले नाही.

तो चिडला. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून तू तिथून काय करणार होतास?"

"काही नाही. पण मला माहीत तरी असतं."

दोघांनी एकमेकांच्या मायेपोटीच आपापल्या दिवसातला जिवंत भाग कापून टाकला होता. त्याने आनंद लपवला, तिने काळजी लपवली, आणि उरलं ते "जेवलास का?", "हो, तुम्ही?". अशा संभाषणात सुचणार काय? ओढ आटली म्हणून शब्द संपले, असा त्याचा समज होता. माझ्या मते शब्द संपले कारण बोलण्यासारखं सगळं दोघांनीही बाजूला काढून ठेवलं होतं. फोनवर काही सुचत नाही, असं सांगत येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी आता आधी हेच विचारते की तुम्ही एकमेकांपासून काय वाचवता आहात?

त्या भेटीत त्यांनी स्वतःच काही गोष्टी ठरवल्या. आजारपण, भांडण, पैशाची अडचण, सगळं सांगायचं. फक्त कार्यक्रमाच्या आधीच्या दोन तासांत नाही. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मात्र घड्याळ न बघता थेट टूर मॅनेजरला फोन, आणि त्याचा नंबर बायकोकडे हवाच. दुसरं, आनंदाची गोष्ट मागे ठेवायची नाही. हे त्याला जड गेलं, पण बायको ठामपणे म्हणाली, "तू तिथे रडतखडत दिवस काढतोस असं कळलं तर माझं इथलं ओझं हलकं होतं का?"

फोनची वेळ हलवली. त्याची दुपार, साउंडचेकला निघायच्या आधी, मुलगी जागी असेल अशी. देश बदलला की वेळेचा हिशोब बदलतो, म्हणून पुढच्या आठवड्याच्या वेळा तो आधीच घरी कळवतो. आणि रोज बोललंच पाहिजे हा आग्रह सोडायला मी सांगितलं, फोनवर नुसतं सोबत असलं तरी पुरतं. दौरा मध्यम आकाराचा, वाद्य सांभाळायला वेगळा माणूस नाही, त्यामुळे तारा तोच बदलतो. व्हिडिओ चालू ठेवून तो हॉटेलच्या पलंगावर गिटार आडवी घेऊन तारा बदलू लागला, तिकडे मुलगी फोन पाण्याच्या ग्लासला टेकवून चित्र काढत बसू लागली. कोणी कोणाला काही विचारत नाही. मध्येच ती म्हणते, "बाबा, ती तार का कापलीस?" तो उरलेलं टोक कॅमेऱ्यापुढे धरून दाखवतो, बोटात घुसतं म्हणून कापायचं असतं ते सांगतो. पुन्हा शांतता. वीस-पंचवीस मिनिटं अशी जातात. घरात बाप असताना मुलं त्याच्याशी काही सलग गप्पा मारत नाहीत, ती त्याच्या आसपास असतात. दौऱ्यावर नेमकं ते आसपास असणं तुटतं, आणि फोनवर आपण प्रश्नोत्तरं करून ते भरून काढू पाहतो.

रात्री कार्यक्रमानंतर आता तो फोन करत नाही, एक छोटा व्हॉइस मेसेज पाठवतो. बायको सकाळी ऐकते. त्यानंतरचा तास त्याचा स्वतःला शांत करायचा. ॲड्रिनलिन रक्तातून लवकर कमी होतं, पण चेतवलेलं शरीर आणि मन निवायला पुष्कळ वेळ घेतात. त्या वेळात बरेच जण दारूकडे वळतात. दारूने झोप पटकन लागते हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी वाढते. कॉफीचंही तसंच. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे साउंडचेकनंतरचा तिसरा कप मध्यरात्री अर्धा अंगातच असतो. त्याने गरम पाण्याने अंघोळ, मंद उजेड आणि मोबाइल दूर, एवढंच धरलं.

लांबच्या देशात गेल्यावरच्या पहिल्या काही दिवसांबद्दल मी एक गोष्ट फार आग्रहाने सांगते. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं, आणि पूर्वेकडे जाताना बहुतेकांना जास्त जड जातं. सहा-सात तासांचा फरक असेल तर जवळजवळ आठवडाभर माणूस स्वतःच्या मापात नसतो. त्या आठवड्यात "माझं लग्न टिकेल का", "मी चुकीच्या व्यवसायात आहे का" असल्या प्रश्नांची उत्तरं शोधू नका.

त्यानेही मध्यंतरी विचारलं होतं, दौरे सोडूनच देऊ का? हा प्रश्न मी कधी कमजोरी मानत नाही. पियानोवादक ग्लेन गूल्डने 1964 मध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी मैफली थांबवल्या आणि पुढे 1982 मध्ये मृत्यू येईपर्यंत ध्वनिमुद्रणं करत राहिला. बीटल्सनी 1966 नंतर दौरे केले नाहीत. मंच सोडूनही संगीत करता येतं. पण मी त्याला म्हटलं, हा निर्णय दौऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात, थकलेल्या अंगाने घेऊ नका. घरी येऊन, झोप भरून निघाली की पुन्हा विचारा. त्याने विचारलं, आणि दौरे चालू ठेवायचे ठरवलं, वर्षाला एक कमी करून.

घरी परतण्याचं दुखणं वेगळंच असतं, आणि त्याची कोणी पूर्वकल्पना देत नाही. कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी 1987 मध्ये नौदलातल्या कुटुंबांबद्दल लिहिताना दूर जाणं आणि परत येणं या चक्राचे सात टप्पे सांगितले होते. त्यात माणूस घरी आल्यानंतर नात्याची घडी नव्याने बसवण्याचा एक स्वतंत्र टप्पा आहे. संगीतकारांच्या घरात मला तो जसाच्या तसा दिसतो. बायकोने तोवर स्वतःची शिस्त बसवलेली असते, आणि हा पहिल्याच दिवशी मुलीच्या झोपायच्या वेळेवरून बोलू लागतो. शिवाय कार्यक्रमाची वेळ झाली की घरातही त्याचं अंग आपोआप सज्ज होतं, येरझाऱ्या सुरू होतात, आणि बायकोला वाटतं, याला घरात करमतच नाही. आता परतल्यावरचे पहिले दोन दिवस पाहुणे नाहीत, घरच्या नियमांवर मत नाही. तिसऱ्या दिवशी बायको एकटी बाहेर पडते, पूर्ण दिवस, मुलगी बाबाकडे.

एक गोष्ट मात्र याहून वेगळी ओळखायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज मन खिन्न असेल, वाजवण्यातही रस उरला नसेल, झोपेसाठी दारू किंवा गोळी लागतच असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर फोनची वेळ बदलून भागत नाही. तेव्हा मनोविकारतज्ज्ञाला भेटायचं, आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर दौरा संपायची वाट न बघता त्याच दिवशी जवळ असलेल्या माणसाला सांगायचं.

या कुटुंबाचं सगळं सुरळीत झालं आहे असं नाही. निघायच्या दिवशी मुलगी अजून खोलीचं दार लावून बसते, टाटा करायला बाहेर येत नाही. आधी तो तिची समजूत काढत बसायचा आणि गाडी खोळंबायची. सध्या आम्ही त्यावर काम करतो आहोत. जायची तारीख आठवडाभर आधी सांगायची, परतीची तारीख तिनेच कॅलेंडरवर लिहायची, आणि रागावली तर रागावू द्यायचं. मागच्या खेपेला दाराबाहेरून "जातो गं, परवा तारा बदलायच्या आहेत" एवढं सांगून तो निघाला. आतून उत्तर आलं नाही. परवा मात्र ती रंगपेटी घेऊन वेळेआधीच फोनसमोर येऊन बसली होती, असं बायकोने कळवलं.