प्रार्थना होत नाही तेव्हा

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, बायबल उघडलं तर अक्षरं डोळ्यांपुढून नुसती सरकतात, असं तू लिहिलंस. पण तुला खरं लागलंय ते प्रार्थनासंगतीतल्या ताईंचं बोलणं: "फिलिप्पैकरांस ४:६ वाच. विश्वास पक्का असेल तर चिंता राहतच नाही." आधी त्याचाच निकाल लावू.

'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे त्या वचनातले शब्द प्रेषित पौलाने बंदिवासातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिले. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपला सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचल्याचं सांगताना तो कबूल करतो की, देवाने दया केली नसती तर मला दुःखावर दुःख झालं असतं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर आशियात असताना जगण्याचीही आशा सोडली होती (१:८), आणि सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते (११:२८), हे तो लपवत नाही. आता पौलाचा विश्वास कच्चा होता असं त्या ताई म्हणतील का? ४:६ मध्ये चिंता आली की काय करायचं ते सांगितलंय: प्रार्थना, विनंती, आभार आणि आपली मागणी नेमकी कळवणं. पुढच्या वचनात अभिवचन आहे ते देवाची शांती अंतःकरण राखील याचं. धडधड त्याच मिनिटाला थांबेल असं तिथे लिहिलेलं नाही.

आता प्रार्थनेकडे येऊ. तू स्तुतीपासून सुरुवात करू पाहतेस आणि शब्द घशाशी अडकतात. मग स्तुती तूर्त बाजूला ठेव. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांमध्ये गाऱ्हाण्याची स्तोत्रं सगळ्यांत जास्त आहेत. मंडळीत आपण ती फारशी गात नाही, हे आपलंच नुकसान. स्तोत्र १३ काढ. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत गाऱ्हाणं: परमेश्वरा, कोठवर? पुढच्या दोनांत मागणी: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. शेवटच्या दोनांत भरवसा. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचं काहीही सांगितलेलं नाही. शत्रू तिथेच आहे. बदललंय ते एवढंच की गाऱ्हाणं देवासमोर मांडून झालंय.

साधी शंभर पानी वही घे आणि याच क्रमाने लिही. रोज एक पान, १० ते १५ मिनिटं, शक्यतो संध्याकाळी, अंथरुणात नको. नमुना देतो:

'प्रभू, फी भरायची तारीख आठवड्यावर आलीय. बाबा फोन उचलत नाहीत. मी तीन रात्री झोपले नाही आणि तू गप्प आहेस. उद्या ऑफिसात मुदत मागायला जायचंय, तेवढं बोलायचं बळ दे. आज दुपारी मैत्रिणीने डबा दिला, त्याबद्दल आभार. भरवसा आज एवढासाच आहे, तो तुझ्या हाती देते.'

गाऱ्हाण्यात तारीख, माणूस, रक्कम जे असेल ते घाल. 'मला शांती दे' एवढंच लिहिलं की मन पुन्हा तिथेच घुटमळतं, कारण नेमकं काय सोपवलं हे त्यालाच कळत नाही. मागणी उद्यापुरतीच ठेव. 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे' (मत्तय ६:३४) हे त्यासाठीच. आभार एकाच गोष्टीचे, पण खऱ्या. भरवशाची ओळ खोटी वाटली तर कोरी सोड. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. एकच गोष्ट पाळ: सगळं देवाला उद्देशून लिही. 'तू' सुटून नुसतं 'मी, मी' सुरू झालं की विलापाचं रडगाणं होतं, आणि पान संपल्यावर हलकं वाटायच्या ऐवजी जड वाटतं. तसं झालं तर तिथेच वही मिट.

आणखी एक. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट पडेल ते वचन आजचं उत्तर मानायचं, हे बंद कर. तो कौल लावणं झालं. घाबरलेल्या माणसाचं बोट नेमकं ईयोबावर किंवा न्यायाच्या वचनावर पडतं आणि मग ती रात्र गेलीच म्हणून समज. पाठ ठरवून घे: या आठवड्यात १३, पुढच्या आठवड्यात ४२ आणि ४३ एकत्र. ही दोन्ही मुळात एकच स्तोत्र असावं, कारण 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' हे पालुपद दोन्हींत मिळून तीनदा येतं. तिथे गाणारा स्वतःच्या जिवाला प्रश्न विचारतो. तेही शिकण्यासारखं आहे.

रात्री तीनला मात्र वही नको, मोबाइलही नको. उठून बस, पाय जमिनीला टेकव. श्वास घेताना मनात 'प्रभू येशू ख्रिस्ता', सोडताना सावकाश 'माझ्यावर दया कर'. घेताना चार मोज, सोडताना सहा. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके हळूहळू उतरतात. शरीराची रचनाच तशी आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ही प्रार्थना शतकानुशतकं अशीच जपत आलेत. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचून उतरू लागतो, तेव्हा लढू नकोस, तेवढा वेळ काढ. तेच ते शब्द पुन्हा म्हणायला संकोच वाटला तर मत्तय २६:४४ बघ. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदाही तेच शब्द म्हटले.

खाण्याबद्दल तू लिहिलं नाहीस, पण अंदाज येतो. १ राजे १९ नीट वाच. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळाल्यावर संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला झोपू देतो, मग भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. त्यानंतर होरेबपर्यंतची चाळीस दिवसांची वाट, आणि बोलणं त्याच्याही नंतर. तिथे एलीया तीच तक्रार शब्दशः दोनदा करतो आणि देव ती दोन्ही वेळा ऐकून घेतो. शेवटी त्याला काम देतो, सोबतीला शिष्य म्हणून अलीशा देतो आणि सांगतो की तू एकटा नाहीस, देवाला धरून राहिलेले सात हजार आहेत. म्हणून या दिवसांत उपास-प्रार्थना धरू नकोस. जेवण आधीच तुटलंय, त्यात उपास म्हणजे धडधड आणि चक्कर वाढणार. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. सकाळी अर्धा तास उन्हात चाल.

पत्राच्या शेवटी तू अगदी बारीक अक्षरात विचारलंयस की, पवित्र आत्म्याविरुद्धचं, ज्याला क्षमा नाही म्हणतात ते पाप माझ्या हातून घडलं असेल का. ही भीती मंडळीत तुला वाटते त्यापेक्षा पुष्कळांना असते, आणि अनुभवी पाळक त्यावर एकच सांगत आलेत: ज्याला क्षमेची एवढी ओढ आहे त्याचं हृदय कठीण झालेलं नाही. पण हे उत्तर रोज नव्या माणसाकडून मागत राहिलीस तर भीती कमी होणार नाही, वाढेल. तासाभराचा दिलासा मिळतो आणि शंका पुन्हा वर येते. तेच पाप दिवसातून दहादा कबूल करणंही असंच. कॅथलिक परंपरेत अशा माणसाला एकाच फादरांकडे जा आणि ते सांगतील तेवढंच कर, असा सल्ला देतात. तूही एकच पाळक धर. कबुली एकदाच. शंका परत आली तर तिला उत्तर न देता हातातलं काम चालू ठेव. विचार आणि विधी पुन्हा पुन्हा करावेच लागत असतील तर तो एक ओळखीचा आजार आहे, त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना हेही सांग.

हो, डॉक्टर. उदासी, झोप उडणं, कशातच रस न वाटणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलंय, तेव्हा जायलाच हवं. आधी साध्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, त्यानेही धडधड होते. मग मानसोपचारतज्ज्ञ. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ वगैरे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. नेमके तेव्हाच लोक औषध सोडतात. बरं वाटू लागल्यावरही आपल्या मनाने बंद करायचं नाही. 'विश्वासाने गोळ्या फेकून दे' असं सभेत कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक हा 'प्रिय वैद्य' होता (कलस्सैकरांस ४:१४), आणि त्याने कुणाला कमीपणा आला नाही.

मरणाचे विचार येत असतील तर वहीवर थांबू नकोस. रूममेटला आजच सरळ शब्दांत सांग: 'मला जीव द्यावासा वाटतो, मला एकटं सोडू नकोस.' साठवलेल्या गोळ्या तिच्याकडे दे. १४४१६ ही मानसिक त्रासासाठीची सरकारची टेलीमानस फोनसेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलतात. तातडीचं असेल तर ११२. असा विचार येणं म्हणजे तारण गमावणं नव्हे. एलीयाला तो आला होता.

रविवारी उपासनेला जा, पण गाता आलं नाही तर गाऊ नकोस. तुझ्या वतीने बाकीचे गातील, मंडळी असते कशाला? मागच्या बाकावर बस, प्रभुभोजन घे, वाटलं तर लगेच नीघ. दोन माणसं निवड आणि त्यांच्याकडे नेमकं मागणं कर: मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊला फोन, दहा मिनिटं, सल्ला नको, शेवटी एक प्रार्थना. दोन अशासाठी की गेथशेमानेत प्रभूने तिघांना जागं राहायला सांगितलं होतं आणि तिघेही झोपले. एकाला नाही जमलं तर दुसरं असावं, आणि ज्याला जमलं नाही त्याच्यावर रागावू नये.

वहीतलं मला दाखवायची गरज नाही. डॉक्टरांची वेळ कोणत्या दिवशीची मिळाली, तेवढं आधी कळव.

प्रभूमध्ये तुझा हितचिंतक