जूनमध्ये कॉलेजची घाई नको

प्रश्न: मुलगा २१ वर्षांचा. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना घोडबंदर रोडवर बाईकचा अपघात झाला, डोक्याचं ऑपरेशन झालं. त्याला चौदा महिने झाले. आता चालतो, बोलतो. पण वाचलेलं लक्षात राहत नाही, एकदम भडकतो. मित्र यायचे थांबले. 'मी तो राहिलोच नाही' म्हणतो. तो वाचला म्हणून लोक पेढे मागतात, मला मात्र रडायचीही चोरी. त्याचे बाबा म्हणतात, जूनपासून कॉलेजला पाठवू. काय करू? आणि हॉलमधला त्याचा ट्रॉफी घेतलेला फोटो काढून ठेवावा का? – एक आई, ठाणे

ताई,

आधी तुम्ही रडून घ्या. मुलगा समोर असूनही त्याच्यातलं काहीतरी गेलंय, हे दुःख खरं आहे. तुम्ही ते घरात बोललात, तर कदाचित त्याच्या बाबांनाही बोलता येईल. जूनची घाई मला त्यातूनच आलेली वाटते.

जूनमध्ये त्याला पाठवू नका. कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरतो, कामाला सुरुवात करून देतो. तिथे मार बसला असेल, तर माणूस तासभर नुसता बसून राहतो आणि घरचे म्हणतात, आळशी झाला. हा आळस नाही. त्यावर ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी, सलग लेक्चर्स आणि साठ जणांचा गोंगाट घातलात, तर दुपारपर्यंत तो पार गळून जाईल.

१८४८ साली अमेरिकेत फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण स्वभाव इतका बदलला की ओळखीचे म्हणू लागले, हा आमचा गेज नाहीच. गोष्ट बहुतेक जण इथेच संपवतात. पुढे त्याने चिली देशात काही वर्षं घोडागाडी हाकली, हे कुणी सांगत नाही. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा. ते काम त्याला कसं जमलं असेल, याचा विचार करा.

तुमच्या मुलालाही आधी असाच एक ठरलेला रस्ता हवा. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची नोंद ठेवणं, ओळखीच्या गॅरेजमध्ये सकाळी दोन तास बसणं, काहीही; फक्त कुणीतरी त्याची वाट बघत असलं पाहिजे. काम वहीत लिहिलेलं असू दे. तो शब्द शोधत असला की तुम्ही वाक्य पूर्ण करून देऊ नका. मला माहीत आहे, हे फार कठीण जातं.

मित्रांना घोळक्याने बोलावू नका. एकालाच, सकाळी उपवन तलावावर, अर्धा तास. मॉल नको. 'मी दमलो की गप्प होतो, रागावलेला नसतो,' हे वाक्य मुलाने स्वतः मित्राला सांगावं. मित्र दुरावले ते बहुधा काय बोलावं हे न कळल्यामुळे.

कॉलेजमधून त्याचं नाव काढून टाकू नका; रीतसर अर्ज देऊन शिक्षणात खंड मागा. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची तपासणी करून घ्या. त्यानंतरच मेकॅनिकल की दुसरं काही, हे बोलू. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मेंदूची दुखापत स्वतंत्रपणे दिलेली नाही. तिच्यामुळे कायमचं काय उणं झालं, त्यावर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ठरतं. त्यात दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं, तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ५ टक्के जागा राखीव असतात, परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळू शकतात. प्रमाणपत्र घ्यायला बाबा कचरतील. मुलाला विचारा, निर्णय त्याचा आहे.

आणि हॉलमधला त्याचा ट्रॉफी घेतलेला फोटो काढावा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. तेही त्यालाच विचारा. तो म्हणाला राहू दे, तर शेजारी या वर्षीचा एक लावा.